भुईबेल

लव्हाळा एकदा उपटला की दोन ठिकाणी उगवतो. वलगावच्या विठोबाच्या फुलबागेत मनकर्णा माळीण गेली दोन वर्षं हेच बघत होती. उकिडवी बसून खुरपत खुरपत ती विहिरीपासून कुंपणापर्यंत जायची, पाठ सरळ करून मागं वळायची, तर विहिरीपाशी पुन्हा हिरवी टोकं वर आलेली. "ये बाप्पा, ये," ती गवतालाच म्हणायची, "तुले कायचा थकवा? तुले काय गुडघे हायेत?"

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी खुरपायला गावातल्या बाया यायच्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत बाग आरशासारखी करून जायच्या. पण सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई पेटली, तिथला कापूस अडकला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडं तोंड वळवलं. मग काय विचारता! ज्वारीची वावरं कपाशीनं गिळली, गुरांची कुरणं गिळली. जिला दोन पाय आणि दोन हात होते ती प्रत्येक बाई कोणा ना कोणाच्या कपाशीत अडकली. मनकर्णेची सूनही गेली आणि लेक कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याच्या वाटेला लागला. बागेत उरली ती दोन म्हातारी. तिचा नवरा पुंजाराम मोट हाकायचा, पण त्याची कंबर मोडल्यासारखी झालेली. एकदा खाली बसला की उठवायला माणूस लागायचा. म्हणून खुरपं मनकर्णेच्या हातात.

बाग देवळाची, राबणं माळ्यांचं, अशी तीन पिढ्यांची रीत. कडेच्या वाफ्यांतला भाजीपाला त्यांनी खायचा आणि मोगरा, शेवंती, गुलाब, तुळस विठोबाला द्यायची. कीर्तन असेल त्या दिवशी एक हार देवाला आणि एक बुवांच्या गळ्यात. तो दुसरा हार मनकर्णा स्वतः गुंफायची, कारण कीर्तन म्हणजे तिचा जीव. अमरावतीचे गोवर्धनबुवा दर एकादशीला तिसऱ्या प्रहरी उभे राहिले, टाळ वाजला, की तिच्या अंगावर काटा यायचा. मात्र निरूपण संपून कथा लागेपर्यंत खांबाला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागलेला असायचा. दोन वर्षांत तिनं एकाही कथेचा शेवट ऐकला नव्हता. हरिश्चंद्र राजा मसणात कामाला लागला तो तिच्यापुरता अजून तिथंच होता.

त्या श्रावणात देवळाचे वहिवाटदार आणि गावचे पाटील महादेवराव बागेत आले. गुडघाभर गवतात उभे राहून त्यांनी एक शेवंती शोधून काढली.

"काय वं मनकर्णे, विठोबाले आता गवतच वाहून राहिली का?"

"एखादी बाई द्या ना पाटील, खुरपाले. मंग पाहा."

"बाई? माह्या सोताच्या वावरात कपाशीपेक्षा गवत उंच झालं. तुले कुठून देऊ? माही पाटलीन तरी पाठवू का?" ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, "हे पाय, गुढीपाडव्यापर्यंत वाट पायतो. बाग अशीच रायली तं नांगर घालतो अन् कपाशी लावतो. थे बी देवाचंच उत्पन्न. फुलं काय, अमरावतीच्या बाजारातून आनता येते."

पाटील काही वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचं बोलणंही खोटं नव्हतं. तेच मनकर्णेला जास्त लागलं. दुष्टानं बाग हिसकावली तर शिव्या तरी देता येतात. रात्री भाकरी थापताना ती नवऱ्याला म्हणाली, "आयकलं का जी? विठोबाच्या गळ्यात बाजारचा हार पडन. कोनं गुंफला, कोनत्या हातानं गुंफला, काई ठावं नाई."

पुंजाराम म्हणाला, "अन् आपन?"

"आपन कपाशी वेचू. दुसरं काय?"

नागपंचमीला लेक जमुना माहेरी आली. तिचा नवरा चिखलदऱ्याच्या डोंगरावर एका साहेबाच्या बंगल्यात माळीकाम करायचा. जमुनाच्या डोक्यावर एक टोपली, त्यावर ओलं गोणपाट. तिनं ते दूर केलं तर आत बोटभर उंचीची रोपं. प्रत्येक देठावर तीन तीन पानं, कडेला बारीक दाते, आणि रोपारोपातून दोऱ्यासारखे लांब धुमारे निघालेले.

"हे काय आनलं वं?"

"आमी भुईतुती म्हनतो. सायेबाच्या बाईनं गुलाबाखाली लावली. आई, ही अशी पसरते अशी पसरते, का खाली दुसरं काई उगवतच नाई. तुह्या जावयानं दोन वर्षं झाले, गुलाबात खुरपं घातलं नाई."

मनकर्णेनं लेकीकडं पाहिलं. खुरपं घातलं नाही, हे शब्द तिच्या कानांत एखाद्या अभंगासारखे उतरले.

आज आपण जिला स्ट्रॉबेरी म्हणतो तिचीच ही रानटी धाकटी बहीण. पण मनकर्णेला फळाशी कर्तव्य नव्हतं. तिला हवं होतं जमिनीला पांघरूण. काळी माती पाणी धरते आणि मुळं कुजवते, म्हणून तिनं पेढी नदीची वाळू पाट्यापाट्यांनी आणून मातीत कालवली. मोगऱ्याच्या ओळीत, बकुळीच्या सावलीला, शेवंतीच्या वाफ्यांच्या कडेनं रोपं लावली. धुमारा जिथं जमिनीला टेकेल तिथं त्यावर खडा ठेवायचा, की तिथंच मूळ धरतं, हे जमुनानं दाखवलं. लेक सासरी गेली आणि मनकर्णा रोज सकाळी धुमाऱ्यांवर खडे ठेवत फिरू लागली. शेजारची गंगूबाई कुंपणावरून ओरडायची, "काहून वं, गोट्या खेळून राहिली का म्हातारपनी?"

दसरा गेला, दिवाळी गेली. थंडी पडली तशी भुईतुतीला डोंगराची आठवण झाली असावी. ती अशी पसरली की शेवंतीखालची काळी माती दिसेनाशी झाली. लव्हाळा मेला नाही, तो कसला मरतो! पण त्याला डोकं वर काढायला जागा उरली नाही. मनकर्णेचं खुरपं आठवड्यातून एकदा निघू लागलं. आणि कार्तिकातल्या एकादशीला कीर्तन संपून आरती सुरू झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज आपण जागे आहोत. राजाला राज्य परत मिळालं, मुलगा उठून बसला, सगळं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती पदरात तोंड खुपसून रडली. गंगूबाईनं कोपरानं ढोसलं, "अवं, सगळं चांगलं झालं ना शेवटी? मंग रडते कायले?"

"मले ठावंच नव्हतं ना चांगलं झालं म्हनून."

पाटील बागेत येऊन गेले. नुसतं 'हं' म्हणाले. पण ते 'हं' कपाशीचं नव्हतं, बागेचं होतं.

पौषात बारीक पांढरी फुलं आली, आणि मागून करंगळीच्या नखाएवढी लाल फळं. पहिली ओंजळ विठोबापुढं ठेवली. प्रसाद म्हणून पुंजारामानं एक तोंडात टाकलं, बराच वेळ जिभेवर शोधलं आणि म्हणाला, "एवढ्याशासाठी सायेब लोक डोंगर चढून जाते का?"

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण एकदा गंगूबाई कढीपत्ता मागायला बागेत आली आणि भुईतुतीवर पाय टाकता टाकता थबकली. वाकली, एक पान खुडलं, डोळ्यांजवळ धरलं.

"मनकर्णे! हे तं त्रिदळ वं! महादेवाचं पान! अन् तू याच्यावर पाय देतं?"

"बेल झाडाले लागते, गंगूबाई."

"हा भुईचा बेल. भुईकोहळा नसते का? तसा भुईबेल." तिनं पान कपाळाला लावलं आणि काठाकाठानं निघून गेली.

मनकर्णेनं तिला परत हाक मारली नाही. का नाही मारली? एक तर थकवा. दुसरं असं की, त्या दिवसापासून पोरं बागेतून धावायची बंद झाली, बकऱ्या लोक स्वतःच हाकलू लागले, देवदर्शनाला आलेल्या बाया कुंपणापाशी उभ्या राहून हात जोडू लागल्या. बागेला राखण मिळाली, तीही फुकटची. तीन पानं तर होतीच. कोण जाणे, असेलही, असं मनकर्णा स्वतःला सांगू लागली. तिनं जाण्यायेण्याच्या वाटेवर चार चपटे दगड टाकले आणि स्वतःही पानावर पाय द्यायची बंद झाली.

माघ लागला आणि पाटलांच्या घरून बोलावणं आलं.

पाटलांच्या पार्बताबाईंचा एकुलता लेक उत्तमराव अकोल्याला कापसाच्या पेढीवर असे. गेल्या पावसाळ्यात तो तिथं तापानं फणफणला, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा पार्बताबाईंनी महादेवाला बेलाची लाखोली बोलली, लाख पानं. पोरगा उठला. आता शिवरात्रीच्या आत नवस फेडायचा होता, आणि बेल नव्हता. पाटलांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बेलाची जुनी झाडं होती, ती कपाशीवर सावली पडते म्हणून पावसाळा सरताच तोडली होती. इतरांनीही आपापली तोडली होती.

"मनकर्णे, तुह्या बागेत देव उगवला म्हनते," पार्बताबाई म्हणाल्या. त्या वाळून गेल्या होत्या. पोराच्या दुखण्यानं त्यांच्या डोळ्यांखाली काळं साचलं होतं ते अजून गेलं नव्हतं. "रोज चार टोपल्या पानं लागन. नाई म्हनू नको."

मनकर्णेच्या तोंडून 'बरं' निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या. आंघोळ करून, ओलेत्यानं, पायांत काही न घालता, तोंडानं नाव घेत. इतक्या भक्तिभावानं आजवर कोणी बाग ओरबाडली नसेल. पहिल्या दिवशी शेवंतीचा वाफा उघडा पडला. दोन दिवसांत बकुळीखालचं पांघरूण गेलं. उघड्या देठांमधून काळी माती दिसू लागली आणि आठवडा संपायच्या आत तिच्यातून लव्हाळ्याची हिरवी टोकं वर आली. मनकर्णा पुन्हा उकिडवी बसली. पुन्हा एकादशीला कथा लागताच तिची मान खांबावर कलंडली.

पुंजाराम म्हणाला, "पाडवा लय दूर नाई. पाटील येईन, गवत पाईन अन् नांगर आनन. बोल ना काई. बेल नाई म्हनाव हा."

"आता कसं बोलू जी? निम्मी लाखोली वाहून झाली."

"मंग वाहू दे. आपली बाग गेली."

बागेचं तिला दुःख होतंच. पण तिची झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीनं. लेकराच्या जिवासाठी बोललेला नवस, आणि तो फिटतोय साहेबाच्या गुलाबाखालच्या झुडपानं. महादेव भोळा असेल, पण त्यानं उद्या मोजायला घेतलं तर? पोरगं पुन्हा तापलं तर? पानं तिच्या बागेतली, गप्प राहिलेली तोंडही तिचंच.

शिवरात्रीला आठ-दहा दिवस असताना गोवर्धनबुवा उत्सवासाठी वलगावात आले. सकाळी देवळाच्या ओसरीवर ते गरम पाण्यानं गुळण्या करत बसले होते. मनकर्णेनं फुलांची परडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. बुवांनी भुईबेलाचं पान हातात घेऊन उलटसुलट केलं. त्यावरच्या लवेवरून बोट फिरवलं. नाकाला लावलं.

"नाही गं माय. बेलाला वास असतो."

"पन बुवा, शिवरात्रीच्या कथेत तुमी सांगता, का त्या व्याधाले ठावं नव्हतं खाली पिंड हाये म्हनून. त्यानं आपली पानं तोडून टाकली, तरी देवानं घेतली. मंग पाटलीनबाईंची नाई घेनार का?"

बुवा हसले. घसा बसला होता, त्यामुळं हसणं खोकल्यासारखं निघालं. "पार्बताबाईंची घेईल. त्यांना ठाऊक नाही. व्याधालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक तुला आहे."

"मंग मी काय करू?"

"ते मला विचारतेस? माझं जेवण पाटलांच्या घरी आहे," बुवा म्हणाले, आणि मग तिचा चेहरा पाहून त्यांना थट्टा नकोशी झाली. "थकलीस ना?"

"लय थकली, बुवा."

"मग लवकर सांगून मोकळी हो. गप्प राहण्यानं माणूस खुरपण्यापेक्षा जास्त थकतं."

मनकर्णा तशीच पाटलांच्या घरी गेली. ओसरीवर बाया पानं निवडत होत्या. किडकं बाजूला, तुटकं बाजूला, शंभरा-शंभराची चळत. मध्ये पार्बताबाई. बैलांना पाणी दाखवून पाटीलही नुकतेच दारात आले होते. मनकर्णा उभ्या उभ्याच बोलली, कारण बसली असती तर उठवलं नसतं.

"पाटलीनबाई, हा बेल नाई. जमुनीनं डोंगरावरून आनली, सायेबाच्या बागेतली. तिकडं भुईतुती म्हनते. लोकं बेल म्हनले अन् मी गप्प बसली. बाग राखली जात होती म्हनून गप्प बसली. तुमच्या लेकराच्या नवसाले खोटं नको लागाले."

ओसरीवरचे हात थांबले. गंगूबाई सगळ्यांत आधी सावध झाली. "मी कवा म्हनलं बेल हाये? मी म्हनलं बेलावानी हाये!"

"चूप राय वं गंगे," पार्बताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मनकर्णे, तुह्या जिभेले हाड हाये का? इतके दिवस मी पिंडीवर काय वायलं मंग? गवत वायलं?"

मनकर्णेनं खाली मान घातली.

"माह्या पोराच्या नावानं गवत!"

"अवं, जाऊ दे," पाटील पुढं झाले. "अकोल्याले मानूस धाडतो. थो गाडीभर बेल आनते. त्यात काय एवढं?"

पार्बताबाई नवऱ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अकोल्याहून शिवरात्रीपर्यंत लाख पानं? तिकडं तरी झाडं ठेवली का कोनं? आपल्या धुऱ्यावर बेल होता. माह्या सासूनं पानी घातलेला. थो कोनं तोडला?"

"कपाशीवर सावली पडत होती."

"पडू द्याची होती. पोरगं तापलं तवा मी कोनाच्या भरवशावर लाखोली बोलली? त्या झाडाच्या. तुमी तोडलं त्याच्या आधी इचारलं का मले?"

पाटलांनी मुंडासं काढलं, पुन्हा घातलं. गावात ज्यांच्यापुढं कोणी बोलत नाही अशा माणसाला ओसरीभर बायांसमोर काय करावं ते सुचेना.

"अन् आता पाडव्याले बागेत नांगर घालनार व्हय?" पार्बताबाईंनी विचारलं.

"गवत झालं ना तिथी."

"गवत मी केलं. पानं मी तोडून नेली." त्या मनकर्णेकडं वळल्या. राग गेला नव्हता, पण रागाला आता धरायला दुसरं काही सापडलं होतं. "बेल लावशीन का बागेत?"

"धुऱ्यावर मुळांतून फुटवे येऊन राहिले अजून. मुळासकट काढले तं लागन," मनकर्णा म्हणाली. "पन वखरणीत रोज मोडते तुमचे सालदार."

"उद्यापासून कोनी हात लावनार नाई. आयकलं का जी? नवस फिटला नाई, म्हंजे जमीन अडकली. देवाच्या बागेत देवाचा बेल होईन, त्याचीच लाखोली वाहीन. तवापर्यंत नांगर नाई." मग पुन्हा मनकर्णेला, "अन् तू माह्यासमोर नको येऊ चार दिवस. मले तुहं तोंड पायवत नाई."

"येत नाई, बाई," मनकर्णा म्हणाली. "एखादी बाई तेवढी देता का, खुरपाले?"

"कुठून देऊ? मलेच भेटत नाई!"

पार्बताबाईंनी पिंडीवरची पानं गोळा करायला लावली नाहीत. वाहिलेलं काढत नाहीत, म्हणाल्या. शिवरात्रीला त्यांनी नुसतं पाणी घातलं आणि बोटांवर मोजण्याइतकी मिळाली ती खरी पानं वाहिली. ती दर्यापूरच्या एका गाडीवानानं आणली होती. उत्तमराव बरा आहे असा निरोप होळीला आला, तेव्हा पार्बताबाई देवळात आल्या. मनकर्णेशी बोलल्या नाहीत, पण तिनं दिलेलं फूल घेतलं.

पाडव्याला नांगर बागेत शिरला नाही. त्याऐवजी पुंजाराम आणि मनकर्णा धुऱ्यावरून फुटवे काढायला गेली. पुंजारामाला बसता येत नव्हतं म्हणून तो उभ्यानं टिकास मारायचा आणि ती माती हातांनी उकरायची. मूळ खोल गेलेलं, काटे बोटांत रुतणारे. सहा-सात फुटवे मुळांसकट निघाले. बाकीचे तुटले. बागेच्या दक्षिणेला आळी करून लावले, वर कपाशीच्या वाळक्या पळाट्यांचा मांडव घातला.

चैत्र तापला. वऱ्हाडचं ऊन ते, डोंगरावरच्या पाहुणीला कसं सोसावं? भुईतुती आधी कडेनं तांबूस झाली, मग कागदासारखी कुरकुरली. विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी सांडतं तिथं, चार रोपं कशीबशी हिरवी राहिली. मनकर्णेनं त्यांच्यावर फाटकं गोणपाट टाकलं. बाकीच्या बागेत लव्हाळ्यानं आपला वतनी हक्क पुन्हा सांगितला.

बेलाचे दोन फुटवे वाळले. उरलेल्यांना वैशाखात कोवळी तांबडी पालवी आली, तीन तीन पानांची. मनकर्णा रोज सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी घालायची, कारण पाट तिथवर पोचत नव्हता. घागर कमरेवरून उतरवली की थोडा वेळ ती तशीच उभी राहायची, हात कमरेवर ठेवून, विठोबासारखी.

एकदा पुंजारामानं मोट थांबवून विचारलं, "लाख पानं द्याले किती वर्षं लागन वं याले?"

"आठ. धा. कोनाले ठावं."

"तवापर्यंत आपन असू का?"

"असाच लागन," ती म्हणाली. "पाटलीनबाईंचा नवस अडकला हाये आपल्यापाशी. मधातच कसं जाता येईन?" तिनं घागर उचलली, पुन्हा खाली ठेवली, दोन श्वास घेतले. "सोडा मोट. अजून तीन आळी रायली."